एका माणसापुरता पंप

आमच्या घरातला पहिला पंप सांगलीहून रेल्वेनं आला होता.

दिल्लीत राहणारी मराठी माणसं गावाहून काय काय आणतात याची थट्टा आमच्यात नेहमी चालते. गोडा मसाला आणि कुळथाचं पीठ तर सगळेच आणतात. ओळखीच्या एका बाईंनी कढीपत्त्याचं रोप सगळा प्रवासभर मांडीवर धरून आणलं होतं. पाटा-वरवंटा आणणारेही निघाले. पण बोअरचा पंप आणणारे आम्हीच, आणि माझे यजमान ही गोष्ट कुणालाही मोठ्या अभिमानानं सांगत. त्यांना मी इथं 'हे' असंच म्हणेन. इतक्या वर्षांत दुसरं काही म्हटलं नाही, आता नव्यानं कुठून शिकू?

हे केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, मी दुसऱ्या एका खात्याच्या ग्रंथालयात. अर्धं आयुष्य सरकारी क्वार्टरात गेलं. तिथं पाणी आलं नाही की तक्रार लिहायची आणि वाट पाहायची, एवढंच आपलं काम. मग हिंडन नदीच्या आसपास, गाझियाबादच्या बाजूला, नवी वसाहत आखली गेली आणि आम्ही तिथं लहानसा प्लॉट घेतला. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर कुठं राहायचं हा प्रश्न दोघांचाच होता, आणि इथंच, हे उत्तर दोघांनी मिळून दिलं होतं. वसाहतीत रस्ते होते, दिव्यांचे खांब होते. नळ मात्र 'येणार' होते. तोवर जो तो आपापल्या अंगणात बोअर घेत होता.

बोअर झाली आणि पंपाची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, "पंप आपल्याकडचाच आणायचा."

"इथं मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण आपल्याकडचे काळ्या दगडातून पाणी ओढतात. पार पाताळातून. इथं तर पाणी हाताशी आहे. झोपेत ओढेल."

गावी शेती पाहणाऱ्या धाकट्या भाऊजींनी ओळखीच्या दुकानातून पंप निवडला, गोणपाटात शिवला आणि ब्रेकव्हॅनमध्ये, गाडीच्या सामानाच्या डब्यात, चढवून दिला. निजामुद्दीन स्टेशनवर तो उतरवून घ्यायला हे ऑफिसात रजा टाकून गेले. जावयाला आणायला जावं तसे, इस्त्रीचा शर्ट घालून.

पहिल्याच दिवशी पाण्याची धार पाइपातून अशी उसळली की गल्लीतली माणसं बघायला आली. टाकी बघता बघता भरली. हे गच्चीवर उभे राहून ओसंडणारं पाणी पाहत होते आणि मी खालून ओरडत होते, "अहो, बंद करा की!"

"वाहू दे थोडं," ते वरून म्हणाले. "दगडातला पंप आहे हा. एवढं सोपं काम असतं हे त्याला अजून कळलेलं नाही."

काही वर्षं तो तसाच चालला. मग पाण्यात रेती येऊ लागली. ह्यांचं आजारपण आणि पाण्यातली रेती एकाच सुमाराला दिसू लागली, त्यामुळे रेतीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. बादलीच्या तळाशी बारीक, अभ्रकासारखी चमकणारी रेती बसे. मी पाणी फडक्यातून गाळून घेई. हे पेला उजेडाकडे धरत आणि म्हणत, "बसेल खाली."

कार्तिकात हे गेले. वैशाखात पंप बंद पडला.

सकाळी नेहमीसारखं बटण दाबलं. एरवी जमिनीखालून एक घुमणारा, दबका आवाज येई आणि थोड्या वेळानं गच्चीवर पाणी पडू लागे. घरात माझ्याशिवाय होणारा तेवढाच एक आवाज उरला होता. तो आला नाही. मी बटण पुन्हा पुन्हा दाबलं, फ्यूज पाहिला, मग अंगणात जाऊन बोअरच्या झाकणापाशी नुसती उभी राहिले. जवळच्या घरातल्या टीव्हीवर कुठल्याशा वाहिनीच्या बातम्या चालू होत्या. तेव्हा गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या तारा नुकत्याच लोंबू लागल्या होत्या आणि सकाळी सहालाही लोक टीव्ही लावत.

भिंतीपलीकडे एक पंजाबी बाई राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या बोअरच्या नळाची रबरी नळी भिंतीवरून माझ्या अंगणात टाकली.

"बहनजी, भर लीजिए. और सुनिए, पंप जल्दी लगवाइए. औरत अकेली हो तो लोग उसको बाद में देखते हैं, पहले देखते हैं कि मकान कब बिकेगा."

"लगवाऊँगी."

"लगवाऊँगी-लगवाऊँगी में गर्मी निकल जाएगी. नहीं तो मैं खुद जाके ले आऊँगी, जो रंग पसंद आया वो. फिर मत कहना."

त्या खोटं बोलत नव्हत्या. ह्यांच्या दिवसकार्याला आलेल्यांपैकी दोघांनी जाता जाता मला घराबद्दल विचारलं होतं. मला त्या घरात राहायचं होतं, एवढं माझं मला ठाऊक होतं. का, ते मी कुणाला पटवून देऊ शकले नसते. तिथं माझं कुणी नव्हतं. पण दुसऱ्या कुठल्याही घरात हे कधीच राहिलेले नसणार होते. आणि पाण्याशिवाय घरात राहता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं बोअरवर लोखंडी तिपाई उभी केली, साखळीनं पाइप वर ओढले, एकेक सुटा करून गल्लीत मांडला, आणि शेवटी पंप वर आला. चिखलानं माखलेला, लांबट. मला तो पाहवेना आणि नजरही काढवेना. मेकॅनिकनं तो तिथंच उघडला.

"मोटर बूढ़ी हो गई जी. इससे दुगुनी डालो, सारा झगड़ा ख़तम."

त्यानं आतल्या चकत्या एका बाजूला टाकल्या. पाणी वर ढकलणाऱ्या त्या वाटीएवढ्या चकत्यांना इंपेलर म्हणतात. मी एक उचलून घेतली. तिची कड इतकी झिजली होती की बोटाला कागदासारखी लागली. मोटार म्हातारी झाली असेल, पण हे झिजणं मोटारीचं नव्हतं, एवढं मलाही दिसत होतं. दुप्पट मोठा पंप घेतल्यानं ते कसं थांबेल हे मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, "मैडम, बड़ी चीज़ बड़ी होती है." आपले पैसे घेऊन तो गेला. बोअरवर मी एक जुनं ताट पालथं घातलं आणि त्यावर वीट ठेवली.

पंपांची दुकानं गाझियाबादच्या जुन्या बाजारात एका रांगेत होती. ह्यांनी पंप मागवला तेव्हा तिथं दोन-चारच तऱ्हा मिळत. आता बाजार खुला झाला होता. निळे पंप, नारिंगी पंप, इटालियन म्हणवणारे पंप, ज्यांची नावं काल-परवापर्यंत कुणी ऐकली नव्हती असे. सगळ्यांच्या खोक्यांवर एकच चित्र असावं असं वाटे: हिरवळ, कारंजं, आणि कारंज्याखाली हसणारी चार माणसं. नवरा, बायको, मुलगा, मुलगी. मी एका दुकानाच्या पायरीशी बराच वेळ ती माणसं पाहत थांबले.

दुकानदार साधारण माझ्या वयाचा, गल्ल्यामागे बसून खरबूज खात होता. "आइए आंटीजी," म्हणून त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "भाईसाहब गाड़ी लगा रहे हैं?"

"मैं ही हूँ."

"अच्छा, अच्छा. बोरिंग कितने इंच की है?"

"पता नहीं."

"पानी कितने पे खड़ा है?"

मला तेही माहीत नव्हतं. त्यानं खरबुजाची फोड खाली ठेवली, हात पुसले आणि जरा हळू आवाजात, सोपा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "चलो, ये बताइए, घर में कितने जने हैं? उसी से साइज़ निकलेगा."

"दो," मी म्हणाले.

तो लगेच कामाला लागला. दो जने, मग मेहमान येणार, भांडीवाली येणार, कुंड्या असतील, कूलरमध्ये पाणी भरायचं. माझ्या तोंडून निघालेल्या दोन माणसांभोवती त्यानं बघता बघता भरलेलं घर उभं केलं आणि त्या घराला शोभेल असा एक निळा पंप पुढ्यात ठेवला. मी त्या घराकडे बघत राहिले. मग आधी बोअर मोजून आणते असं सांगून बाहेर पडले.

रविवारी सकाळी मी बोअर मोजली. तोंड शिवणाच्या टेपनं मोजलं. पाण्याची पातळी कशी मोजायची याचा विचार करून एका जुन्या कुलपाला सुतळी बांधली आणि ताट बाजूला करून ते आत सोडलं. आतून थंड हवा आली, ओल्या मातीच्या वासाची. सुतळी हातातून सरकत होती आणि मी कान लावून वाकले होते. बराच वेळ काही नाही. मग फार खालून बारीक 'डुब' असा आवाज आला.

"अहो, लागलं," मी म्हणाले.

आवाज बोअरमध्ये गेला आणि जरासा घुमून परत आला. मी सुतळी घट्ट धरून तशीच बसले. कार्तिकापासून 'अहो' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. दुसऱ्या कुणाला तो तसा म्हणताच येत नाही. मग उठून ओल्या सुतळीपासून कोरडी सुतळी मोजली, आकडा हातावर लिहिला आणि ताट झाकलं.

त्याच दुपारी भाऊजींचा फोन आला. रविवारी येतच असे. मी पंपाचं सांगितलं.

"वहिनी, काळजीच करू नका. तसाच्या तसा पाठवतो. दुकानही तेच, कंपनीही तीच."

"इथंही मिळतात आता भाऊजी. पुष्कळ मिळतात."

"तिथले नकोत. आणि वर्ष व्हायचंय अजून. वर्षश्राद्धापर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

"मग तुम्ही पाठवणार तो नवा नाही का?"

"तो कसा नवा? दादाचाच तो! घागर फुटली की तिच्या जागी घागर आणतो. तिला कुणी नवी म्हणतं का? जिच्या जागी आली तीच ती."

"आणि इथला आणला तर?"

"तो नवा," भाऊजी ठामपणे म्हणाले.

मला हसू आलं. फोनवर ते त्यांना ऐकू गेलं असावं, कारण ते थोडे थांबले. मग वेगळ्या आवाजात म्हणाले, "नाहीतर सरळ इकडं या. इथं खोली आहे, माणसं आहेत. घराला गिऱ्हाईक बघू. एकटीनं तिथं राहून काय करायचंय तुम्हाला?"

मी म्हणाले, बघते.

मला दुसरं काही सुचलं नाही तेव्हा मी मला येतं ते केलं. मी अजून नोकरीत होते, पण आमच्या ग्रंथालयात कूपनलिकांवर काही नव्हतं. मी दुसऱ्या एका खात्याच्या ग्रंथालयातून पुस्तक मागवलं. बत्तीस वर्षं लोकांना पुस्तकं शोधून दिली होती, स्वतःसाठी असं मागवायची वेळ क्वचितच आली. जाड, इंग्रजी, तपकिरी कापडी बांधणीचं पुस्तक. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ते मी चार-पाच दिवस वाचलं. आकृत्यांपेक्षा गणितं जास्त होती आणि मला गणित येत नाही, पण एक गोष्ट हळूहळू उलगडली. दगडातलं पाणी स्वच्छ असतं. नदीकाठच्या गाळात पाण्याबरोबर रेती असते, आणि तिला अडवायला बोअरच्या तळाशी जाळी बसवलेली असते. पण पंप जमिनीच्या मानानं फार जोराचा असला तर तो पाण्याबरोबर बारीक रेतीही जाळीतून खेचतो, आणि ती रेती त्याला आतून खाते. पाताळातून पाणी ओढण्यासाठी केलेला पंप हाताशी असलेल्या पाण्यात सोडला, की तो असाच वाजवीपेक्षा जास्त ओढतो.

मी पुस्तक मिटलं. म्हणजे रेती आजारपणात आलेली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून येत होती. गल्ली बघायला आली होती त्या धारेबरोबर, हे गच्चीवर उभे राहून बघत होते त्या ओसंडण्याबरोबर ती येत होती. आम्हाला दिसायला तेवढी वर्षं लागली, इतकंच. ह्यांना हे सांगायला हवं होतं, असं मला वाटलं. त्यांना वाईट वाटलं नसतं. त्यांना असल्या गोष्टी फार आवडत. आकृती काढून मागितली असती, आणि मग रात्री जेवताना तीच आकृती मला समजावून सांगितली असती.

त्या शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. रिक्षावाला कुरकुरत होता आणि भाऊजी गोणपाटातलं लांबट ओझं खांद्यावर घेऊन उतरत होते. दिवसकार्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते. फाटकावरच्या ह्यांच्या नावाच्या पाटीकडे त्यांनी पाहिलं आणि लगेच नजर वळवली. अंगणात वाकून पाय धुताना पाठीकडून ते अगदी ह्यांच्यासारखे दिसले. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

पंप त्यांनी हॉलमध्ये आणून भिंतीला टेकवला.

"न कळवता आणलात?"

"कळवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

चहा झाल्यावर मी ती झिजलेली चकती त्यांच्यापुढे ठेवली आणि पुस्तकात वाचलेलं सांगितलं, जेवढं मला सांगता आलं तेवढं. ते ऐकत होते, चकती बोटांत फिरवत होते.

"म्हणजे दादाची निवड चुकली, असंच ना?"

"निवडला तुम्ही होता भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिशीतल्या मिशीत हसले. "आता बायका पुस्तकात वाचून पंप घेणार!"

"पुरुषांनी न वाचता घेतलेला बघितला की."

"तसं नाही वहिनी. तो पंप वाईट नव्हता."

"वाईट कुठं म्हणते? चांगलाच होता. इथली जमीन वेगळी आहे."

चकतीची कड त्यांनी अंगठ्यावर घासून पाहिली, पुन्हा पाहिली. "कधी बोलला नाही दादा. रेती येते म्हणून."

"तेव्हा त्यांना रेतीपेक्षा दुसरं पुष्कळ होतं."

चकती ठेवून ते उठले, गोणपाटाला हात लावला, मग हात काढून घेतला. म्हणाले, "चला, कुठलं तुमचं दुकान?"

दुकानदाराला या वेळी माझ्याबरोबर पुरुष दिसला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "आइए भाईसाहब, बैठिए! बोरिंग कितने की है?"

"इनको पूछो," भाऊजी आपल्या हिंदीत म्हणाले. "मैं तो पाहुणा है."

मी तोंडाचं माप सांगितलं, पाण्याची पातळी सांगितली, रेतीचं सांगितलं. तो मान डोलवत भाऊजींकडेच पाहत होता. मग त्याला आठवण झाली. "और आंटीजी ने उस दिन बताया था, घर में दो जने. है ना भाईसाहब?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ते काहीतरी बोलणार होते, ओठ हललेही. बाहेर एक ट्रक मागे घेत होता आणि क्लीनर ओरडत होता, आने दो, आने दो. खोक्यांवरची चार माणसं कारंज्याखाली हसत होती.

"एक," मी म्हणाले.

"जी?"

"घर में एक. मैं अकेली हूँ."

त्याचा पंपाकडे निघालेला हात थांबला. त्यानं पुढं काही विचारलं नाही, हे मला बरं वाटलं. आत गेला, थोडा वेळ काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि खालच्या फळीवरून एक लहानसं, धुळीनं भरलेलं खोकं घेऊन आला. त्यावर चित्र नव्हतं.

"फिर ये लीजिए. छोटा है. कोई ले नहीं जाता, सबको बड़ा चाहिए. टंकी भरने में टाइम लेगा, ये पहले से बोल रहा हूँ."

"रेत?"

"आराम से खींचेगा तो कम लाएगा. गारंटी रेत की कोई नहीं देता आंटीजी."

भाऊजींनी खोकं उचलून वजन पाहिलं. "एवढुसा? आमच्या शेळीला पुरायचं नाही याचं पाणी."

"मी शेळी पाळत नाही, भाऊजी."

परतताना सायकलरिक्षात खोकं आमच्या पायांत होतं. ऊन मी म्हणत होतं. बराच रस्ता गेल्यावर भाऊजींनी समोर पाहतच विचारलं, "त्या दिवशी दोन का सांगितलंत?"

"तोंडातून गेलं."

"आत्ता माझ्याही तोंडात तेच आलं होतं," ते म्हणाले, आणि खांद्यावरच्या पंच्यानं चेहरा पुसला. नंतर पुष्कळ वेळ पुसत राहिले.

फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी मला अडवलं. "थांबा. घरात नेऊ नका."

"का?"

"नवी वस्तू आहे. वर्ष झालेलं नाही." ते विचारात पडले. दुकानाला जाताना निरोप ठेवला होता, तो मेकॅनिक अंगणात तिपाई उभी करून वाट पाहत होता. "असं करू. इथंच, फाटकाबाहेर खोकं उघडायचं आणि सरळ बोअरमध्ये सोडायचा. उंबरा ओलांडलाच नाही, तर घरात आला असं कसं होईल?"

"कोण म्हणतं असं?"

"मी म्हणतो. गावात विचारलं तर मी सांगेन."

तसंच केलं. रस्त्यावर खोकं उघडलं, भाऊजींनी पंप दोन्ही हातांवर घेतला आणि घराकडे पाठ ठेवून अंगणाच्या कडेकडेनं बोअरपर्यंत नेला. मेकॅनिकला यातलं काही कळेना. "क्या हुआ जी, नज़र लग जाएगी क्या?" म्हणून त्यानं विचारलं. भिंतीवरून शेजारच्या बाई पाहत होत्या. त्यांनी परस्पर उत्तर दिलं, "इनके यहाँ रिवाज है. तू अपना पाइप कस."

आधी गढूळ पाणी आलं, मग निवळ. धार अंगठ्याएवढी. भाऊजींनी ओंजळ धरली, पाणी उजेडाकडे करून पाहिलं, एक घोट घेतला आणि उरलेलं डोळ्यांना लावलं. नारळ फोडायचा नव्हता, तेवढंच केलं. मग ते टाकी पाहायला गच्चीवर गेले, आणि बराच वेळ झाला तरी खाली येईनात.

"भाऊजी, चहा!"

"अजून अर्धीसुद्धा नाही भरली," वरून आवाज आला.

"भरेल."

"कधी?"

"मला कुठं जायचंय?"

ते कठड्यापाशी आले आणि वाकून माझ्याकडे पाहत राहिले. मी अंगणात कपबशी घेऊन उभी होते. त्यानंतर त्यांनी गिऱ्हाइकाचा विषय काढला नाही.

दोन दिवसांनी त्यांना पोचवायला निजामुद्दीनला गेले. गोणपाटातला पंपही त्यांच्याबरोबर परत चालला होता. गावी कुणाला तरी लागेल, तिथं दगड आहे. हमाल ओझं उचलताना म्हणाला, "बाबूजी, पंप लेके आए, पंप लेके जा रहे हो? दिल्ली में पानी नहीं मिला क्या?"

"मिला, मिला," भाऊजी म्हणाले. "इनको मिला."

ब्रेकव्हॅनचं काम उरकून ते डब्यात बसले. मी खिडकीशी उभी राहिले. आजूबाजूला गावी निघालेल्या माणसांची गर्दी होती, छावणीतले काही जवान रजेवर निघाले होते. त्यांच्या हाका, पिशव्यांवरून चाललेली भांडणं, सगळं मराठीत.

"घरी सगळे विचारतील," भाऊजी म्हणाले. "वहिनी कधी येणार म्हणून. काय सांगू?"

"वर्षश्राद्धाला येईन म्हणावं. आठ-दहा दिवस राहीन."

"आणि मग?"

"मग परत इकडं."

त्यांनी गजांवर हात ठेवले. त्यांना अजून बोलायचं होतं. भावाच्या पश्चात वहिनीला सांभाळायचं, हे त्यांच्याकडून अपेक्षित होतं, आणि गावात त्यांना त्याचं उत्तर द्यावं लागणार होतं. माझ्यासाठी त्यांनी ते अंगावर घेतलं, हे मला तेव्हा तिथंच कळलं.

"मग पंपाला स्टॅबिलायझर लावून घ्या," ते म्हणाले. "तुमच्याकडं उन्हाळ्यात व्होल्टेज फार पडतं. साधा नको. मोठा घ्या."

"पंप एवढासा आणि स्टॅबिलायझर मोठा?"

"तिथं तरी ऐका माझं!"

गाडी हलली. ते खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून स्टॅबिलायझर केवढा घ्यायचा ते दाखवत राहिले. एवढा, एवढा. डबा वळणापर्यंत जाईतो हात दिसत होते.

गाडी गेल्यावर फलाटावर मराठी ऐकू येईनाशी झाली. मी बाहेर येऊन गाझियाबादच्या बसच्या रांगेत उभी राहिले.